ऊर्जाकार्यक्षम घरगुती साधने : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील स्थित्यंतर

स्वयंपाक, प्रकाश, पाणी तापविणे, वारा घेणे, अन्न टिकविणे इ. घरातील कामे कमीत कमी इंधनात किंवा विजेत पार पाडणाऱ्या उपकरणांना ऊर्जाकार्यक्षम घरगुती साधने म्हणतात. साधनाला पुरविलेल्या ऊर्जेपैकी जेवढा भाग इष्ट कामी लागतो, त्याचे एकूण ऊर्जेशी असलेले प्रमाण म्हणजे त्या साधनाची कार्यक्षमता होय. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा सु. दहा टक्के भागच भांड्यापर्यंत पोहोचतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगडीत हेच प्रमाण पासष्ट टक्क्यांच्या पुढे जाते. तप्त तंतूचा दिवा घेतलेल्या विजेच्या सु. पाच टक्के भागाचेच प्रकाशात रूपांतर करतो. उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. यावरून साधन बदलल्यास इंधनाची किती बचत संभवते, याची कल्पना येते. मात्र संभाव्य बचत आणि घरात प्रत्यक्ष होणारी बचत या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद स्पष्ट करण्यास ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके विशेष उपयुक्त आहेत. मुंबई महानगराच्या निकट असूनही डोंगराळ व वनव्याप्त राहिलेल्या या प्रदेशाने शहराला सरपण, कोळसा व पाणी पुरविले. स्वतःच्या घरातील साधने मात्र त्याला फार उशिरा बदलता आली. त्यातही दिवा एका पिढीत जवळजवळ पूर्णपणे बदलला, तर चूल अर्धीच बदलली. ही तफावत का पडली, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

प्रदेश व लोक : शहापूर हा ठाणे जिल्ह्यातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा तालुका असून तो पूर्वी कोळवण या नावाने ओळखला जाई. त्याच्या दक्षिणेस मुरबाड तालुका असून त्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीची मुख्य रांग व माळशेज, नाणे हे घाट आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतरही हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूरची लोकसंख्या सु. ३.१४ लाख व मुरबाडची सु. १.९ लाख होती. कुणबी व आगरी यांबरोबरच म ठाकूर, क ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी इ. आदिवासी जमातींची येथे मोठी वस्ती आहे. पाऊस सु. २५० सेंमी. पडतो, परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भात हे मुख्य पीक असून डोंगरउतारांवर नाचणी व वरई होतात. महसुली गावाखेरीज त्यापासून दूर विखुरलेले पाडे व वाड्या हे वस्तीचे वैशिष्ट्य होय. पुढे वीज व इंधन पोहोचविण्याच्या कामी या विखुरलेपणाची मोठी अडचण झाली.

सरपण, कोळसा व मुंबईची बाजारपेठ : १ जानेवारी १८६१ रोजी रेल्वे कसाऱ्यापर्यंत पोहोचली आणि शहापूरचे जंगल मुंबईच्या वखारींच्या टप्प्यात आले. साग व ऐन यांच्या इमारती लाकडाबरोबर जळाऊ लाकूड व कोळसा यांचीही वाहतूक वाढली. जंगलात भट्ट्या लावून लाकडाचा कोळसा पाडण्याच्या कामावर मुख्यतः कातकरी कुटुंबे असत. खैरापासून काथ करण्याच्या मूळ व्यवसायावरून ज्यांना कातकरी हे नाव पडले, त्या जमातीला वनबंदोबस्तानंतर भट्टीवरील मजुरीचा आधार घ्यावा लागला. मातीने लिंपलेल्या पारंपरिक भट्टीत पाच-सहा किग्रॅ. लाकडापासून जेमतेम एक किग्रॅ. कोळसा मिळतो व लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जा जंगलातच नाहीशी होते. शहरातील शेगडी बिनधुराची व सोयीची ठरली, ती या नासाडीच्या मोबदल्यात. शहरातील स्वयंपाकघराची कार्यक्षमता मोजताना भट्टीवरील हा तोटा हिशेबात धरला जात नसे.

स्थानिक घरांना मात्र कोळसा परवडत नसे. त्यांचे इंधन म्हणजे वाळक्या फांद्या, काटक्या, पालापाचोळा व काही प्रमाणात शेणी. येथील भातशेतीत पेरणीपूर्वी रोपांच्या वाफ्यावर फांद्या, पाला व शेण पसरून ते जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे शेण व फांद्या यांवर चूल आणि शेत अशा दोघांचा हक्क असे. शासकीय राखीव वने निर्माण झाल्यावर लाकूडतोडीवर निर्बंध आले. सरपणाची मोळी आणण्यासाठी बायकांना अधिक दूर जावे लागू लागले. या मोळीला रोख किंमत द्यावी लागत नसल्याने कुटुंबाच्या जमाखर्चात ती फुकट ठरे. तिची खरी किंमत श्रम व वेळ यांच्या रूपाने स्त्रिया व मुली देत असत.

पारंपरिक चूल व दिवा : कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा गिलावा दिलेल्या भिंतींच्या घरात चूल ही एकाच कामापुरती नसते. मुख्य तोंडावर भात किंवा आंबील शिजते, वैलावर कालवण गरम राहते आणि पुढे ओढलेल्या निखाऱ्यांवर भाकरी शेकली जाते. चुलीवरील माळ्यावर ठेवलेले बियाणे, पावसाळ्यासाठीचे सरपण व सुकी मासळी धुराने कोरडी राहतात. छपराच्या गवताला व वाशांना धुरामुळे कीड लागत नाही. अंघोळीचे पाणी तेथेच तापते आणि हिवाळ्यात घराला ऊबही तेथूनच मिळते. अशा रीतीने एकाच अग्नीवर पाचसहा कामे भागत असल्याने केवळ भांडे तापविण्याच्या कसोटीवर ही चूल अकार्यक्षम ठरली, तरी घराच्या दृष्टीने ती तशी नव्हती. तिचा मोठा दोष धुराचा होता. अपुऱ्या ज्वलनामुळे निर्माण होणारे सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड चुलीपुढे तासन् तास बसणाऱ्या स्त्रीच्या व तिच्याजवळील बालकाच्या फुप्फुसात जातात. १९८१ मध्ये कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत प्रत्यक्ष मापने केल्यानंतर या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. दीर्घकालीन श्वासरोग आणि बालकांचा फुप्फुसदाह यांच्याशी या धुराचा असलेला संबंध त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी दाखवून दिला.

प्रकाशासाठी पूर्वी करंज व मोह यांच्या बियांचे तेल वापरीत. पुढे रॉकेलने त्याची जागा घेतली आणि पत्र्याच्या डबीची किंवा बाटलीची चिमणी घरोघर आली. कंदील सधन घरांत व गॅसबत्ती लग्नकार्यात दिसे. चिमणीचा उजेड साठ वॉटच्या विजेच्या दिव्याच्या मानाने अत्यल्प असून काजळी व आग यांचा धोका त्यात नित्याचा होता. शिधापत्रिकेवर मिळणारे रॉकेल अपुरे पडे आणि मुलांचा अभ्यास त्याच्या मोजमापाने चाले.

विजेच्या तारा व विजेची प्रतीक्षा : टाटा उद्योगसमूहाने खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथे सह्याद्रीच्या पाण्यावर जलविद्युत् केंद्रे उभारली. त्यांची वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्या, ट्राम व रेल्वे यांसाठी होती. १९३० च्या सुमारास कल्याण–इगतपुरी रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण झाले. कल्याणजवळील चोळा येथील औष्णिक केंद्र या कामी उपयोगी पडले. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून विजेची एंजिने धावू लागली, तेव्हा रुळांलगतच्या पाड्यांत चिमण्याच जळत होत्या व पुढेही कित्येक दशके जळत राहिल्या.

दूरवर वीज नेणाऱ्या या तारांचे सामरिक महत्त्व १९४२ च्या आंदोलनात दिसून आले. भाई कोतवाल व हिराजी पाटील यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब तारांचे मनोरे पाडून शहराचा पुरवठा विस्कळीत केला. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांशी झालेल्या चकमकीत दोघांनाही हौतात्म्य आले. ज्या खेड्यापाड्यांनी या दस्त्याला आसरा दिला, त्यांच्या घरांत त्या विजेचा दिवा नव्हता.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ व १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाल्यावर खेड्यांकडे तारा नेण्याचे काम वेगाने सुरू झाले. तथापि विद्युतीकरणाची त्या काळची व्याख्या सैल होती. महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली, तरी ते गाव विद्युतीकृत मानले जाई. पाण्याच्या एका पंपाने गाव यादीत येई. ठाकूरवाडी व कातकरवाडी मात्र अंधारात राहत. १९९७ मध्ये वस्तीतील वापराची अट आली आणि २००४ मध्ये किमान दहा टक्के घरे व सार्वजनिक ठिकाणे जोडलेली असली पाहिजेत, असा निकष ठरला. दारिद्र्यरेषेखालील घरांना एका दिव्याची जोडणी देणारी कुटीर ज्योती योजना (१९८८-८९), राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना (२००५) व सौभाग्य योजना (२०१७) यांमधून जोडणी अखेर घरापर्यंत आली. २०११ च्या जनगणनेत भारतातील सु. ५५ टक्के ग्रामीण घरांत विजेचा, तर सु. ४३ टक्के घरांत रॉकेलचा दिवा होता. त्यानंतरच्या दशकात रॉकेलच्या दिव्याचे युग बहुतांशी संपले.

सुधारित चुलीचे प्रयोग : चूल सुधारण्याच्या प्रयत्नांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रामीण साधनांवर प्रयोग केले. वनस्पतिजन्य तेलावर जळणारा मगनदीप व धुराडे असलेली मगनचूल ही त्यांची फळे होत. हैदराबाद येथे एस. पी. राजू यांनीही निर्धूर चुलीचा आराखडा तयार केला. या प्रयत्नांचा मुख्य हेतू स्वयंपाकघरातील धूर घालविणे हा होता.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाच्या बचतीला महत्त्व आले. इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने तयार केलेला नूतन हा वातींचा रॉकेल स्टोव्ह आधीच्या स्टोव्हपेक्षा बराच कार्यक्षम ठरला आणि तालुक्याच्या गावांतील नोकरदार कुटुंबांत तो रुळला. जंगलतोडीच्या चिंतेतून १९८३ पासून केंद्र शासनाने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशात सु. साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या. राज्यात १९८५ मध्ये महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण स्थापन झाले. पुण्यात आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी इ. चुलींचे साचे तयार केले व कुंभारांना ते वापरण्याचे शिक्षण दिले, जेणेकरून चूल शासकीय वाटपाऐवजी गावच्या कारागिराकडून विकत घेता यावी.

प्रयोगशाळेत वीस टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता दाखविणाऱ्या या चुली घरात मात्र फार टिकल्या नाहीत. शहापूर–मुरबाडसारख्या प्रदेशात त्याची कारणे सहज ध्यानी येतात. लहान तोंडाच्या चुलीला बारीक फोडलेले लाकूड लागते. जंगलातून येणारे सरपण लांब व वाकडेतिकडे असते आणि ते फोडण्याचे जादा काम स्त्रीवरच पडते. धुराड्यात काजळी साचली की धूर घरातच परततो. मुसळधार पावसात धुराड्याभोवतीच्या भोकातून छप्पर गळते, तर गवती छपराला ठिणगीची भीती असते. भाकरी शेकण्यास निखारे पुढे ओढता येत नाहीत. शिवाय दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब पावसाच्या तोंडावर परतते. घरात लिंपून बसविलेली चूल त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही आणि तिकडे पुन्हा तीन दगड मांडावे लागतात. कार्यक्रमाच्या रचनेतही दोष होता. चूल बांधणाऱ्याला ती बांधल्याबद्दल एकदाच मोबदला मिळे. दुरुस्तीची जबाबदारी कोणावरच नसे. ओडिशात इ. स. २००६ नंतर झालेल्या एका मोठ्या क्षेत्रीय चाचणीचा निष्कर्षही असाच आहे : पहिल्या वर्षी धूर घटला, पुढे देखभालीअभावी वापर कमी होत गेला व लाभ ओसरला. याच्या उलट चीनने १९८० च्या दशकात निवडक जिल्ह्यांवर लक्ष केंद्रित करून व स्थानिक कारागिरांचा चूलव्यवसाय उभारून बारा कोटींहून अधिक घरांत सुधारित चुली पोहोचविल्या.

गोबर वायू व सौर चूल : खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात गोबर वायू संयंत्रांचा प्रसार सुरू केला व १९८१-८२ पासून त्यासाठी राष्ट्रीय प्रकल्प चालू झाला. दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्राला रोज सु. पन्नास किग्रॅ. शेण, म्हणजे चारपाच मोठी जनावरे आणि जवळजवळ तितकेच पाणी लागते. ज्यांच्या गोठ्यात एवढी जनावरे आहेत, अशा शेतकरी कुटुंबांना ही योजना लाभदायक ठरली. त्यांना धूरविरहित इंधनाबरोबर उत्तम खतही मिळाले. भूमिहीन कुटुंबांना मात्र ती उपयोगाची नव्हती. त्यातच या दोन तालुक्यांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठीही पायपीट करावी लागते. तानसा (१८९२) व भातसा यांसारखे मुंबईला पाणी पुरविणारे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगॅवॉट क्षमतेचे जलविद्युत् केंद्रही आहे. पेटीच्या आकाराच्या सौर चुलीचा प्रसार १९८० च्या दशकात अनुदानाने झाला. परंतु पावसाळ्याचे चार महिने ती निरुपयोगी ठरते आणि पहाटे शेतावर जाणाऱ्या घराची न्याहारी तिच्यावर होऊ शकत नाही.

दिव्यातील पालट : वीज आली तेव्हा पहिला दिवा तप्त तंतूचाच होता, कारण तो सर्वांत स्वस्त होता. त्यामागून ट्यूबलाइट व नंतर सी. एफ. एल. दिवे आले. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात विजेची तीव्र टंचाई निर्माण होऊन ग्रामीण भागात दीर्घकाळ भारनियमन होऊ लागले. जून २००५ मध्ये विद्युत् मंडळाचे विभाजन होऊन झालेल्या महावितरण कंपनीने त्याच वर्षी अक्षय प्रकाश योजना आणली. संध्याकाळच्या मागणीच्या वेळी गावाने पंप व जास्त वीज खाणारी उपकरणे स्वेच्छेने बंद ठेवावीत व त्या बदल्यात भारनियमनातून सूट मिळवावी, असे तिचे स्वरूप होते. घरातील विजेची बचत हा गावाच्या सामूहिक निर्णयाचा विषय होऊ शकतो, हे या योजनेने दाखवून दिले.

खरा पालट एल. ई. डी. दिव्याने घडविला. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या व पुढे उजाला या नावाने प्रसिद्ध झालेल्या योजनेत एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या सार्वजनिक कंपनीने मोठ्या प्रमाणावर एकत्रित खरेदी केली. परिणामी २०१४ च्या प्रारंभी ३१० रुपयांना खरेदी होणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांना मिळू लागला. या योजनेखाली देशात ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. साठ वॉटचा जुना दिवा रोज पाच तास लावल्यास वर्षाला सु. ११० युनिटे वीज लागते. तेवढाच किंवा त्याहून अधिक प्रकाश देणाऱ्या नऊ वॉटच्या एल. ई. डी. दिव्याला सु. १६ युनिटे पुरतात. साधनाची किंमत अशा रीतीने काही महिन्यांतच वसूल होते. जुन्याच होल्डरमध्ये तो बसतो, त्याच बटणाने लागतो व घराच्या कोणत्याही सवयीत बदल मागत नाही. बचतही वीजबिलात आकड्यांनी दिसते. दिव्याच्या यशाची ही सर्व कारणे चुलीच्या बाबतीत नव्हती.

गॅस व चूल यांचे सहअस्तित्व : १९५० च्या दशकात मुंबईत प्रथम आलेला स्वयंपाकाचा गॅस शहापूर व मुरबाड या तालुक्याच्या गावांत काही दशकांनंतर व पाड्यांत त्याहूनही उशिरा पोहोचला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावे जोडणी देऊन हे चित्र पालटले. या योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर येथे देण्यात आली.

१४.२ किग्रॅ. गॅसच्या एका टाकीतून मिळणारी उपयुक्त उष्णता साध्या चुलीत मिळविण्यास सु. अडीचशे किग्रॅ. लाकूड लागते. वीस-पंचवीस किग्रॅ.च्या मोळीच्या हिशेबाने एक टाकी म्हणजे दहा-बारा मोळ्या होत. या वाचलेल्या फेऱ्या हाच गॅसचा सर्वांत मोठा लाभ आहे. तथापि जोडणी सवलतीत मिळाली, तरी टाकी पुन्हा भरण्यास एकरकमी पैसे लागतात. मजुरी रोजची व हंगामी, आणि खर्च मात्र एकाच वेळी, ही विसंगती गरीब घराला पेलत नाही. २०१९-२० मध्ये उज्ज्वला ग्राहकांचे देशातील सरासरी पुनर्भरण वर्षाला सु. तीन टाक्या एवढेच होते. मे २०२२ पासून टाकीमागे २०० रुपयांचे व ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपयांचे अनुदान मिळू लागल्यावर ते काहीसे वाढले. साहजिकच चहा, पाहुण्यांचे जेवण व पावसाळ्यातील घाईचा स्वयंपाक गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचे पाणी व मोठे भांडे चुलीवर, अशी कामांची वाटणी अनेक घरांनी स्वीकारली. या वाटणीत धूर कमी होतो, परंतु नाहीसा होत नाही. आरोग्याचा पूर्ण लाभ तर चूल जवळजवळ बंद झाल्यावरच पदरात पडतो.

पंखे, फ्रीज व तारांकन : वीज स्थिर झाल्यावर पंखा, दूरदर्शन संच व फ्रीज ही उपकरणे खेड्यांत येऊ लागली. ऊर्जासंवर्धन अधिनियम, २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २००६ मध्ये उपकरणांवर एक ते पाच ताऱ्यांची चिठ्ठी लावण्याची पद्धत सुरू केली. छताच्या पंख्यांना ती १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली. नेहमीचा पंखा सु. ७५ वॉट वीज घेतो, तर ब्रशरहित मोटरचा नवा पंखा सु. ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. मात्र त्याची किंमत अधिक असल्याने हप्त्यांची किंवा एकत्रित खरेदीची सोय नसेल, तर ग्रामीण ग्राहक जुना, दुरुस्त केलेला पंखाच घेतो. हे लक्षात घेऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्यक्षम पंखे व इंडक्शन शेगड्या यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाले. इंडक्शन शेगडीची कार्यक्षमता फार उंच असली, तरी तिला योग्य दाबाची अखंड वीज व सपाट बुडाची लोखंडी भांडी लागतात. वादळी पावसात तारा तुटणाऱ्या दुर्गम पाड्यांत तिच्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही.

कार्बन-श्रेयांचा मार्ग : साधनांची मूळ किंमत कमी करण्यासाठी अलीकडे कार्बन-श्रेयांचा उपयोग केला जातो. क्योटो करार २००५ मध्ये अंमलात आल्यानंतर सुधारित चुलीने वाचविलेल्या लाकडाचा हिशेब कार्बन डाय-ऑक्साइडच्या टनांत मांडून ती बचत उद्योगांना विकण्याची रीत रूढ झाली. मार्च २०२१ मध्ये सुरू झालेल्या ग्राम उजाला योजनेत जुन्या दिव्याच्या बदल्यात दहा रुपयांत एल. ई. डी. दिवा देण्यासाठी याच मार्गाने निधी उभारण्याची योजना होती. महाराष्ट्रातील नागपूरचा तीत समावेश होता. या पद्धतीने चुली व दिवे अत्यल्प दरात किंवा मोफत देता येतात. परंतु मोबदला वाचलेल्या टनांवर अवलंबून असल्याने वापराचे आकडे फुगविण्याचा मोह संभवतो. २०२४ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात तपासलेल्या चूल-प्रकल्पांनी प्रत्यक्ष बचतीच्या सु. नऊपट श्रेये घेतल्याचे आढळले. जुनी चूल चालूच असताना ती बंद झाली असे गृहीत धरणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

मूल्यमापन : शहापूर–मुरबाडच्या अनुभवावरून काही निष्कर्ष काढता येतात. साधनाची कार्यक्षमता ही घरातील बदलाची आवश्यक अट आहे, पण पुरेशी नाही. जे साधन पूर्वीचे सर्व काम करते, विनासायास बसते व ज्याची बचत पैशात दिसते, ते लवकर स्वीकारले जाते. दिवा हे त्याचे उदाहरण होय. ज्या साधनाने जुन्याच्या अनेक कामांपैकी एकच काम होते आणि ज्याची बचत रोख पैशांऐवजी स्त्रीच्या श्रमांत होते, त्याला घराच्या जमाखर्चात महत्त्व मिळत नाही. सरपण फुकट आहे, ही समजूत या अडचणीच्या मुळाशी आहे. म्हणून चुलीच्या प्रश्नात पाणी तापविणे, भाकरी शेकणे, ऊब व धान्य वाळविणे या कामांची वेगवेगळी सोय, टाकीच्या खर्चाची मजुरीच्या वेळापत्रकाशी सांगड, गावातच दुरुस्ती करणारा कारागीर आणि स्थलांतराच्या जागीही उपलब्ध असणारे इंधन या चारही बाबींचा एकत्र विचार करावा लागतो. साधनाची निवड करताना ते रोज वापरणाऱ्या स्त्रीचे मत घेण्याची पद्धत पूर्वीच्या कार्यक्रमांत क्वचितच होती. चुलींच्या अपयशातील ही मोठी उणीव मानली पाहिजे.

या प्रदेशातील लाकूड, कोळसा व पाणी यांवर दीड शतकाहून अधिक काळ महानगराचे जीवन काही अंशी पोसले गेले. त्याच्या तुलनेत येथील स्वयंपाकघरातून धूर कायमचा घालविण्यास लागणारा खर्च अल्प आहे. तो खर्च गरीब घराने एकट्याने सोसावा की समाजाने त्यात वाटा उचलावा, हा यापुढील धोरणाचा प्रश्न आहे. आणि त्या धोरणाचे यश वाटलेल्या साधनांच्या संख्येपेक्षा वनातून डोक्यावर येणाऱ्या मोळ्या किती घटल्या, यावरून मोजणे अधिक योग्य ठरेल.